निवडून दिलं, आता जाब कुणी विचारायचा?

निवडणुकीआधी आमदारसाहेब दारात उभे असायचे, आता फोन उचलत नाहीत. त्यांना परत बोलवायचा अधिकार आपल्याला आहे का? की पाच वर्षं गप बसायचं?
– वैतागलेला मतदार

दादा, आमदार-खासदाराला मधेच परत बोलवायची सोय आपल्याकडे नाही, तो विषय इथेच संपला. पण गप बसा असंही कुणी सांगितलेलं नाही. आधी तो फोन करायचा नाद सोडा, फोनची नोंद कुठेच राहत नाही, वर पीए "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणून कटवतो. लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि खरं सांगू का, साहेबांच्या मागे लागण्यापेक्षा कागदाच्या मागे लागा. आमदाराला स्थानिक विकास निधी असतो, महाराष्ट्रात वर्षाला 5 कोटी, खासदारालाही तेवढाच. लोकांना वाटतं हा पैसा साहेबांच्या खात्यात येतो आणि ते वाटतात. तसं नसतं. ते फक्त काम सुचवतात, मंजुरी आणि पैसे जिल्हाधिकाऱ्यांकडून, म्हणजे सगळी फाइल सरकारी ऑफिसात असते आणि तिथे माहितीचा अधिकार चालतो. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत, हे आपल्या राज्याचे नियम. उत्तर 30 दिवसांत यायला पाहिजे.

आता बहुतेक जण चुकतात ते इथे. अर्जात लिहितात, "आमच्या गल्लीतला रस्ता का झाला नाही?" हे "का" लिहिलं की अर्ज गेलाच समजा, कारण कायद्यानं फक्त रेकॉर्डवर जे आहे तेच द्यायचं असतं, कारणमीमांसा करत बसायचं बंधन नाही, मग "माहिती उपलब्ध नाही" एवढं लिहून मोकळे होतात. त्याऐवजी मागा: अमुक वर्षात सुचवलेल्या कामांची यादी, प्रशासकीय मान्यतेची तारीख, मंजूर रक्कम, खर्च झालेली रक्कम, काम पूर्ण झाल्याचा दाखला, आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत. ही शेवटची सोडू नका. ऑफिसात तिला नुसतं एमबी म्हणतात, आणि ठेकेदाराचं बिल तिच्यावरच निघतं, त्यामुळे रस्ता किती मीटर लांब, किती रुंद, थर किती जाड हे सगळं त्यात सहीनिशी लिहिलेलं असतं. ती प्रत आणि टेप घेऊन दोघं-तिघं मिळून रस्त्यावर जा. अजून एक गोष्ट फार कमी जणांना माहितीये, 2005 च्या या कायद्यात कामाची स्वतः पाहणी करायचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना मागायचाही अधिकार आहे. डांबराचा नमुना मागितला की ऑफिसातली हवा बदलते.

30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील त्याच खात्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे, तिथेही काही झालं नाही तर 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे. आयोगाकडे फार वेळ जातो हे खरंय. पण पहिल्या अपिलाच्या सुनावणीलाच बऱ्याचदा कागद बाहेर येतात, कारण तोपर्यंत कळलेलं असतं की हा माणूस सोडणार नाही.

इलेक्ट्रिक बसला हिरवा झेंडा दाखवतानाचे फोटो वर्षभर बघतोय, स्टॉपवर मात्र तीच जुनी धूर सोडणारी गाडी येते. हे कुणाला विचारायचं?
– रोजची प्रवासी

ताई, झेंडा दाखवणाऱ्यालाच. पण "बस कुठायत?" असं विचारलं तर "येतायत" हेच उत्तर मिळणार, त्यापेक्षा व्यवहार कसा असतो ते आधी बघा. बऱ्याच ठिकाणी ई-बस परिवहन उपक्रमाच्या मालकीच्या नसतातच, कंपनी बस आणते, चालवते आणि तिला दर किलोमीटरमागे पैसे मिळतात. म्हणजे खरा आकडा किलोमीटरचा. करारात किती बस होत्या, त्यातल्या गेल्या महिन्यात रोज सरासरी किती रस्त्यावर धावल्या, किती किलोमीटर झाले, उशिराबद्दल दंड लावला का, लावला असेल तर वसूल झाला का. आणि डेपोतलं चार्जिंग, ते विसरू नका. नुसती बस येऊन भागत नाही, डेपोला मोठी वीजजोडणी लागते, जागा लागते, आणि तिचा काही फोटो निघत नाही, त्यामुळे ते काम मागे पडतं. केंद्राच्या 2023 च्या पीएम ई-बस सेवा योजनेत 10,000 बस जाहीर झाल्या, त्यात चार्जिंगच्या सोयीसाठीही पैसे धरलेत. तुमच्या शहराचं नाव त्यात असेल तर त्या पैशाचं काय झालं हेही विचारता येतं.

महापालिकेत नगरसेवकच नसतील तर? हा प्रश्न हल्ली हसण्यावारी न्यायचा राहिलेला नाही. मुंबईत मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत होता. प्रशासकाला मत मागायला यायचं नसतं, पण माहितीचा अधिकार त्यालाही लागू असतो.

भाषणात ऐकलं की देशातली निम्मी वीज आता स्वच्छ झाली. खरं की फेकाफेकी?
– एक शंकेखोर

अर्धं खरं, आणि ते अर्धं खरंच कौतुकाचं आहे. 2030 पर्यंत विजेच्या स्थापित क्षमतेतली 50 टक्के बिगर-जीवाश्म इंधनाची, म्हणजे कोळसा, तेल, वायू न जाळता होणारी, करू असं भारतानं 2022 मध्ये जगाला लिहून दिलं होतं आणि ते 2025 मध्येच गाठलं, श्रेय द्यायला हात आखडता कशाला. पण स्थापित क्षमता म्हणजे यंत्रं किती बसवली ते. प्रत्यक्षात वीज किती तयार झाली हा हिशेब वेगळा, सोलर रात्री बंद असतं, पवनचक्की वारा पडला की थांबते, त्यामुळे प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून 70 टक्क्यांच्या आसपास आहे. गंमत म्हणजे 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधान बोलले ते ऊर्जेच्या गरजेच्या निम्म्याबद्दल, लेखी कागदावर आली ती क्षमता. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेव्हा कुठल्याही पक्षाचा नेता टक्के सांगायला लागला की एकच विचारा, कशाचे टक्के?

गावाजवळ प्रकल्प येतोय, जनसुनावणी आहे. पण सगळं आधीच ठरलेलं असतं म्हणतात, जाऊन उपयोग काय?
– शेतकरी वाचक

जा हो. तिथे मतदान नसतं आणि सुनावणी प्रकल्प थांबवत नाही, हे आधीच मनात धरून जा. पण पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळानं किमान 30 दिवस आधी नोटीस द्यायची असते, प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा सारांश मराठीत ठेवायचा असतो, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात आणि सगळ्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. सारांश वाचून पान नंबर सांगून बोला, ते इतिवृत्तात जातं, घोषणा दिल्या तर गोंधळ झाला एवढंच लिहिलं जातं. आणि जे नेते माईकवर "मी तुमच्यासोबत" म्हणतात ना, त्यांच्यासमोर तिथेच कोरा कागद धरा, म्हणा साहेब हरकत लेखी द्या. कोण सही करतो आणि कोणाला अचानक दुसरा कार्यक्रम आठवतो ते सगळ्या गावाला दिसेल. पुढे मंजुरी मिळालीच तर 30 दिवसांत हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अपील करता येतं, पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, आणि तिथे हेच इतिवृत्त कामाला येतं.

आमच्याच पक्षाच्या नगरसेवकाला प्रश्न विचारला तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकलं.
– निष्ठावंत

बरं झालं, मोबाइलची मेमरी वाचली. आता तोच प्रश्न लेखी पाठवा.

विधानसभेत मंत्री "तपासून कारवाई करू" म्हणतात. पुढे काय होतं त्याचं?
– निवृत्त शिक्षक

सर, बहुतेक वेळा काही होत नाही, कारण कुणी विचारत नाही. पण सभागृहात मंत्र्यानं दिलेला शब्द हवेत सोडून द्यायचा नसतो, तो पाळला की नाही हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. वाक्य कामकाजाच्या नोंदीतून शोधा, तारीख टिपा आणि तुमच्या आमदाराला लिहा की या आश्वासनाचं काय झालं ते विचारा. तुमचा आमदार सत्ताधारी असेल आणि टाळत असेल तर शेजारच्या मतदारसंघातल्या विरोधी आमदाराला द्या. तो स्वतःच्या फायद्यासाठीच विचारेल, पण विचारेल.