अमेरिकन बिअर म्हणजे नुसतं पाणी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दादा, माझे काका बरीच वर्षं जर्मनीत होते, ते म्हणतात अमेरिकन बिअर म्हणजे पाणी, तिच्या वाटेलाच जाऊ नये. उलट माझी मावसबहीण कोलोरॅडोत असते, ती म्हणते आज जगातली सगळ्यात भारी बिअर तिकडेच मिळते. दोघंही दर्दी आहेत. खरं कुणाचं धरायचं?

उत्तर: दोघांचंही, कारण दोघं वेगवेगळ्या काळाबद्दल बोलतायत. १८७३च्या सुमारास अमेरिकेत चार हजारांच्या वर ब्रुअऱ्या, म्हणजे बिअरचे कारखाने, होते आणि त्यातल्या कितीतरी जर्मनीहून आलेल्या लोकांनी काढलेल्या, मिलवॉकीचे पॅब्स्ट, मिलर, सेंट लुईसचे बुश ही सगळी तिकडचीच मंडळी. मग रेल्वे आली, बर्फाचे डबे आले, मोठ्या कंपन्या लांबलांब माल पाठवायला लागल्या आणि १९२०मध्ये तर देशभर दारूबंदीच लागली ती थेट १९३३पर्यंत. एवढी वर्षं बिअर न विकता तगायचं म्हणजे खिशात दम पाहिजे. पॅब्स्टने चीज केलं, पेनसिल्व्हेनियातल्या यिंगलिंगने आईस्क्रीम विकलं, बाकी बहुतेकांनी कुलूप लावलं ते कायमचंच. बंदी उठल्यावर जे उरले ते एकमेकांना गिळत गेले आणि १९७०च्या दशकाच्या शेवटी अख्ख्या देशात शंभराच्याही आत ब्रुअऱ्या राहिल्या, आणि जवळपास सगळ्यांची बिअर एकाच धाटणीची, फिकट, थंडगार, कडवटपणा नावाला. त्यात १९७५ला मिलर लाइट देशभर आली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. काकांचं मत या काळातलं दिसतंय आणि त्या काळापुरतं ते मला शंभर टक्के पटतं.

पण पुढे जे झालं ते फार मोलाचं आहे. १९६५मध्ये फ्रिट्झ मेटॅग नावाच्या तरुणाने सॅन फ्रान्सिस्कोतली बुडायला आलेली अँकर ब्रुअरी विकत घेतली आणि नेटाने चालवली. जॅक मॅकॉलिफ नौदलात असताना स्कॉटलंडला होता, तिकडच्या एल, म्हणजे जरा उबेत आंबवलेल्या, बिअरची चव त्याच्या जिभेवर बसली, परत आल्यावर तशी कुठेच मिळेना म्हणून त्याने १९७६मध्ये सोनोमाला न्यू अल्बियन ही स्वतःचीच छोटी ब्रुअरी काढली. ती १९८२ला बंद पडली, पण तिच्याकडे बघून कितीतरी लोकांना वाटलं की अरे, आपणही हे करू शकतो. त्यातच १९७८मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरी स्वतःपुरती बिअर करायला केंद्राची परवानगी मिळाली, घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन. मला विचाराल तर सगळ्यात मोठी गोष्ट हीच. आजच्या चांगल्या ब्रुअऱ्यांमधली कितीतरी माणसं आधी स्वयंपाकघरात पातेल्यात बिअर करून शिकलेली आहेत, सिएरा नेवाडाचे केन ग्रॉसमन त्यातलेच. त्यांनी चिकोमध्ये दूध डेअरीची जुनी भांडी जमवून काम सुरू केलं आणि १९८०मध्ये त्यांची पेल एल तयार झाली.

आणि तिच्यात जो वास आहे ना, तो कॅस्केड हॉप्सचा. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची बोंडं. ऑरेगनमध्ये सरकारी संशोधनातून आलेली ही जात १९७२मध्ये शेतकऱ्यांच्या हातात पडली. हॉप्सचं सुकलेलं बोंड तळहातावर घेऊन फोडा, आत पिवळी धमक पूड दिसते, ती चिकट असते, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून नाकाशी धरले की ग्रेपफ्रूटच्या सालीचा, थोडा पाइनचा वास भसकन येतो. युरोपातले जुने ब्रुअर अशा वासाला भडक म्हणायचे. आज स्कॉटलंडपासून डेन्मार्कपर्यंतच्या क्राफ्ट, म्हणजे छोट्या स्वतंत्र, ब्रुअऱ्या वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातून असेच हॉप्स मागवतात. सध्या अमेरिकेत नऊ हजारांच्या वर ब्रुअऱ्या आहेत, तेव्हा मावसबहिणीचं म्हणणं अजिबात हवेतलं नाही. काकांना एकदा तिच्याकडे पाठवाच.

प्रश्न: बडवायझरमध्ये तांदूळ आणि मिलरमध्ये मका असतो असं कळलं. ही सरळसरळ भेसळच झाली ना? आणि अल्कोहोलही मुद्दाम कमी ठेवतात म्हणे.

उत्तर: भेसळ नाही. अमेरिकेत जी सहा ओळींच्या कणसाची बार्ली पिकायची तिच्यात प्रोटीन जास्त, त्यामुळे बिअर गढूळ व्हायची, म्हणून तिथल्या जर्मन ब्रुअरनी एकोणिसाव्या शतकातच तांदूळ-मका घालून ती हलकी आणि नितळ केली. आणि एक गोष्ट मी नेहमी सांगतो, दर्जा वेगळा आणि आवड वेगळी. अशा फिकट लॅगरमध्ये, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेल्या बिअरमध्ये, चूक लपवायला जागाच नसते, यीस्ट जरा बिघडलं, ऑक्सिजन जरा जास्त गेला तर पहिल्याच घोटाला कळतं. अशी बिअर वेगवेगळ्या गावांतल्या कारखान्यांत करून प्रत्येक कॅनला तीच चव आणायची हे महाकठीण काम आहे आणि ते लोक ते चोख करतात. मला स्वतःला ती आवडत नाही, चवीला फारच कमी, पण वाईट बनवलेली आहे असं मी कधीच म्हणणार नाही. उलट नवीन छोट्या ब्रुअरीची गढूळ, आंबट मारणारी आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेली एल, फक्त क्राफ्ट आहे म्हणून चांगली म्हणायची, हे मला मान्य नाही.

अल्कोहोलचं म्हणाल तर बडवायझर ५ टक्के आहे, आयर्लंडची काळी ड्राफ्ट गिनेस ४.२च्या आसपास. गैरसमज व्हायला एक कारणही आहे, १९३३मध्ये बंदी सैल झाली तेव्हा आधी ३.२ टक्क्यांच्या बिअरला परवानगी मिळाली, पण तो आकडा वजनावरचा होता, आकारमानावर मोजला तर तोच साधारण ४ होतो. बाहेरच्यांनी आकडा वाचला आणि हसले.

प्रश्न: नुकताच शिकागोला राहायला आलोय. दुकानातून खूप नावाजलेली आयपीए आणली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली, वास काहीच नाही. बिअर नावाजलेली आणि अशी कशी?

उत्तर: बिअर चांगलीच असणार हो, जुनी झालेली असणार. कॅन उलटा करून बुडाशी बघा, बारीक अक्षरात तारीख छापलेली असते, कधी भरल्याची, कधी कुठपर्यंत चालेल त्याची, नीट वाचा कारण दोन्हींत महिन्यांचा फरक पडतो. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो, आत राहिलेल्या थोड्याशा ऑक्सिजनने पुठ्ठ्याची चव येते, आणि दुकानदाराने कॅन फ्रिजऐवजी उबदार शेल्फवर ठेवले असतील तर हे सगळं कितीतरी लवकर होतं. आयपीए भरल्यापासून दोन-तीन महिन्यांच्या आतली घ्या, आणि फ्रिजमधलीच घ्या. व्हरमाँटच्या हेडी टॉपरसारख्या गढूळ आयपीए तर याहून नाजूक. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीतली उजेडात ठेवलेली बिअर टाळाच, प्रकाशाने हॉप्समधली द्रव्यं फुटतात आणि घाण वास येतो.

जड स्टाउटचं, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या काळ्या बिअरचं, मात्र उलटं आहे, त्यातही बर्बनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मक्याच्या व्हिस्कीच्या, पिंपात मुरवलेली. बर्बनला कायद्याने दर वेळी नवं कोरं जाळलेलं ओकचं पिंप लागतं, म्हणून वापरलेली पिंपं भरपूर मिळतात आणि ब्रुअर ती घेऊन त्यात स्टाउट मुरवतात. तुमच्या शिकागोच्याच गूस आयलंड ब्रुअरीने हे गाजवलं. ती बाटली वर्ष-दोन वर्षं अंधारात थंड ठेवली तरी चालते, खरंतर थोडी ठेवाच.

प्रश्न: पण गूस आयलंड तर बडवायझरवाल्यांनी घेतली ना? मग ती क्राफ्ट कशी?

उत्तर: घेतली, २०११मध्ये. कॅलिफोर्नियातल्या लागुनिटास ब्रुअरीचंही तसंच, २०१५ला अर्धी हाइनेकन या डच कंपनीकडे गेली आणि २०१७ला पूर्ण. ब्रुअर्स असोसिएशन या छोट्या अमेरिकन ब्रुअऱ्यांच्या संघटनेच्या व्याख्येत क्राफ्ट म्हणजे वर्षाला ६० लाख बॅरलच्या आत उत्पादन आणि बाहेरच्या दारू कंपनीचा हिस्सा २५ टक्क्यांहून कमी, म्हणजे या दोन्ही त्यात बसत नाहीत. या व्याख्येने चवीबद्दल काहीच कळत नाही, मालक कोण ते कळतं, पण मालक कोण हेही महत्त्वाचं असतं. अँकर २०१७मध्ये सप्पोरो या जपानी कंपनीने घेतली आणि २०२३मध्ये बंद केली, १८९६पासूनचं नाव, मेटॅगनी जपलेलं. याचं मला मनापासून वाईट वाटलं. पुढच्या वर्षी नव्या मालकाने ती घेतली खरी. त्यामुळे गूस आयलंडची स्टाउट आवडत असेल तर खुशाल प्या, ती उत्तम आहे, आणि आपला पैसा स्वतंत्र ब्रुअरीलाच जावा असं वाटत असेल तर कॅनवर उलट्या बाटलीचा छोटा शिक्का शोधा, २०१७पासून असोसिएशन तो देते आणि तो फक्त स्वतंत्र ब्रुअऱ्यांनाच लावता येतो.