पणजी नॉर्वेच्या उत्तरेला का गेली?

प्रश्न : नकाशे करण्याचं क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर शिकवण्यासाठी मी पाठ लिहिते आहे. वर्गात इतिहास, वनस्पतिशास्त्र आणि संगणकशास्त्राची मुलं एकत्र असतात. संगणकवाली कंटाळतात, इतिहासवाली मागे राहतात. प्रत्येक शाखेसाठी वेगळा पाठ लिहू का?
– एक प्राध्यापिका, फोंडा

उत्तर : नको, ताई. पाठ एकच ठेवा. पण कोण कुठे चुकणार हे आधी हेरा आणि पाठ त्या जागांभोवती रचा, कारण सगळे एकाच जागी चुकत नाहीत.

गावांची यादी सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या तक्त्यातून) नकाशावर आणताना क्यूजीआयएस विचारतं, एक्सचा रकाना कुठला, वायचा कुठला? शाळेपासून आपण ‘अक्षांश-रेखांश’ याच क्रमाने म्हणत आलो, म्हणून इतिहासाची विद्यार्थिनी एक्समध्ये अक्षांश घालते. तिथे हवा रेखांश. पणजी साधारण १५.५ उत्तर, ७३.८ पूर्व, अदलाबदल झाली की ती नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जाऊन पडते. ही चूक पाठात मुद्दाम करायला लावा. पणजी तिथे दिसली की एक्स-वाय वेगळे समजावावे लागत नाहीत.

संगणकाचा मुलगा इथे अडणार नाही, तो पुढे अडेल. मांडवीतल्या चोडण बेटावरच्या खारफुटीभोवती ५०० मीटरचा पट्टा आखायला सांगा. थर, म्हणजे नकाशावरचा माहितीचा एक पदर, ईपीएसजी ४३२६ या अंशांत मोजणाऱ्या पद्धतीत असेल तर ५०० म्हणजे ५०० अंश! आज्ञा चालली म्हणजे उत्तर बरोबर, असं त्याला वाटतं. शेजारी वनस्पतिशास्त्राची मुलगी असेल तर ती तिथल्या तिथे हटकेल, कारण मांडवीकाठची खारफुटी केवढी आहे हे तिला ठाऊक असतं. मग थर यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ उत्तर विभागात, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये बदलून घ्यायचा. गोवा त्याच विभागात येतो आणि मापं मीटरमध्ये मिळतात. म्हणून जोड्या शाखा मिसळूनच लावा. माझा यावर फार भर आहे.

कंटाळ्याचं कारण बहुधा तुमच्या सविस्तर सूचनांतच असेल. नवख्याला आधार देणारी सूचना जाणत्याच्या वाटेत येते, हे काल्युगा, स्वेलर या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलं. एखादी कृती पहिल्यांदा येईल तेव्हा प्रत्येक क्लिक लिहा. दुसऱ्यांदा फक्त काम सांगा : ‘आता तालुक्यातल्या देवळांची यादी आणा.’ अडलेल्याने मागचं पान उघडावं.

छापण्याआधी तिन्ही शाखांतल्या एकेकाला पाठ द्या आणि शेजारी बसा. काही सांगू नका. माउस जिथे थबकेल, ते वाक्य पुन्हा लिहा.