अंग बाहेर येतंय? व्यायामाची सुरुवात अशी कर

अगं, घाबरू नकोस. अंग, म्हणजे गर्भाशय किंवा योनीची भिंत, थोडंच खाली आलं असेल तर पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या, व्यायामाने खरंच आराम पडतो. आधी डॉक्टरांकडून तपासून घे आणि पहिले धडे फिजिओकडूनच घे.

मी दोन महिने चुकीचंच करत होते! श्वास कोंडून नुसते नितंब आवळायचे. बरोबर पद्धत अशी: पोटातला वारा (गॅस) अडवतो तसं ते स्नायू आत-वर ओढ, पाच अंक मोज, पूर्ण सैल सोड. दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी मध्येच रोखून सराव नको.

- शिंक, खोकला, भरलेली बादली: आधी आवळ, मग पुढचं.
- शौचाला कुंथू नकोस. कमोड असेल तर पायाखाली पाट घे.

फरक जाणवायला तीन-चार महिने लागतात. लघवी अडली किंवा रक्त दिसलं तर मात्र लगेच दवाखाना गाठ.