मागची चाकं भरकटतात तेव्हा

प्रश्न : माझी जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे. पाम बीच रोडवर वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू डोलते, खालून ‘टक’ असा आवाज येतो. गॅरेजवाले म्हणतात, सगळे बुश (चाकांच्या दांड्यांच्या जोडातले रबरी तुकडे) पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे टाका. टाकू का? — एक वाचक, नेरूळ

उत्तर : सरसकट नको! आधी फाटलेला बुश शोधा. लिंकजवळ, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांडीजवळ, पहार घालून हलकेच रेटा. जोड सैल हलला किंवा रबराला भेग दिसली, तर तोच दोषी.

या बुशमध्ये दोन नळ्यांच्या मध्ये रबर चिकटवलेलं असतं. बाहेरची लिंकमध्ये घट्ट, आतली बोल्टने आवळलेली. चाक वरखाली झालं की रबर पिळलं जातं, घसरत नाही. ते फाटलं की चाकाची दिशाच बदलते, म्हणजे मागून कुणीतरी स्टिअरिंग फिरवल्यासारखं. तुमचं डोलणं बहुधा हेच.

रबराची लवचीकता हा दोष नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. 1977 च्या पोर्शे 928 या स्पोर्ट्स कारमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर मागची चाकं किंचित आत वळावीत, अशी मागच्या आर्मच्या (चाक धरणाऱ्या दांडीच्या) जोडाची रचनाच होती. सुंदर काम! पॉलियुरेथेन कडक असतं. लिंक तिरकी वळते तिथे ते अडतं, ग्रीस सुकलं की कुरकुरतं. रोजच्या वापराला मूळ रबरच घ्या.

बोल्ट शेवटचे आवळताना मात्र गाडी चाकांवर उभी हवी. जॅकवर लटकत असताना आवळले, तर नवं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग चारही चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून घ्या.