सराफा, सिरप आणि रात्री १० ची गोळी

प्रश्न: नमस्कार ताई, मी इंदूरचा, वय ३४. आठ महिन्यांपासून एचआयव्हीची गोळी चालू आहे, रोज रात्री १० ला एक. सहा महिन्यांनी व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं मोजमाप) केलं तर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ आलं, म्हणजे मी बरा झालो का, गोळी बंद करता येईल का? दुसरं म्हणजे मित्रांसोबत आठवड्यातून दोनतीनदा सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात जाणं होतं, गराडू (तळलेला कंद) वगैरे खाल्लं की जळजळ होते मग घरी येऊन अ‍ॅसिडिटीचं गुलाबी सिरप दोन झाकणं आणि लगेच गोळी, चालतं ना? वजन पण ५ किलो वाढलंय. आईला सगळं माहितीये, जीव लावते, पण माझं ताट-पेला वेगळा मांडते. ती काही बोलत नाही, मीही नाही.

उत्तर: दादा, आधी सिरपचं बोलते, कारण तुम्ही ते सहज लिहून गेलात आणि मी मात्र तिथेच अडकले. तुमची गोळी बहुतेक टीएलडी असणार, सरकारी एआरटी सेंटरवर (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे) आता बहुतेकांना तीच असते, टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर एकाच गोळीत. यातलं डोल्युटेग्राविर सिरपमधल्या अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमला पोटातच चिकटतं आणि रक्तात पुरेसं उतरत नाही, म्हणजे गोळी घेतली खरी पण बरीचशी वाया. असं आठवड्यातून दोनतीनदा होत राहिलं तर आत्ता छान आलेला रिपोर्ट बिघडू शकतो. गोळी सिरपच्या २ तास आधी नाहीतर ६ तासांनंतर. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्यांनाही हेच अंतर, फक्त त्या जेवणासोबत घेतल्या तर एकत्र चालतात. माझं ऐकाल तर गोळी सकाळच्या पोह्यांसोबत घ्या, सेंटरवर विचारून वेळ बदला. काहींना या औषधाने रात्री झोप लागत नाही, सकाळी घेतली की तोही त्रास कमी होतो. डबी बॅगेत खडखडते म्हणून लोक गोळ्या कागदाच्या पुडीत बांधतात, तसं करू नका, दमटपणाने खराब होतात, डबीतच राहू द्या आणि आतली ती ओलावा शोषणारी छोटी पुडी काढू नका.

बंद मात्र अजिबात करायची नाही. व्हायरस गेलेला नाही, दबलाय, शरीरात लपून बसतो आणि औषध सुटलं की बहुतेकांचा काही आठवड्यांतच परत वर येतो. पण तुमचा रिपोर्ट खरंच मोठी गोष्ट आहे हो! लोड असाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

वजन या औषधाने काहींचं वाढतं, तेव्हा रोज अर्धा-पाऊण तास झपझप चालणं आणि अधूनमधून शुगर-बीपी तपासणं. सराफा बंद नका करू, गरम गरम समोर तळलेलं कधीतरी खा, पाणीपुरीचं पाणी तेवढं टाळा. आणि खोकला, ताप, रात्री घाम, वजन उतरणं यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, लगेच सेंटरवर सांगायचं, कारण एचआयव्हीसोबत सगळ्यात जपायचं ते टीबीपासून.

आता आई. माझ्याकडे एक मावशी आल्या होत्या, मुलाच्या पेल्याच्या बुडाला लाल नेलपेंटचा ठिपका लावून ठेवलेला, ओळखू यावा म्हणून. तासभर बोललो आम्ही, ताट, पेला, टॉवेल, मिठी, कशातूनच होत नाही हे सगळं त्यांनी तीनतीनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, ‘घासताना रोज वाटायचं मीच त्याला दूर लोटतेय.’ तुमच्या आईच्याही मनात भीतीच असेल, किळस नसेल. पुढच्या वेळी गोळ्या आणायला त्यांना सोबत न्या, काउन्सेलरला आधी सांगून ठेवा म्हणजे ते स्वतःहून विषय काढतील. तोवर त्यांना काही विचारायचं असेल तर १०९७ वर फोन लावून द्या, फुकट आहे, आणि त्या बोलत असताना तुम्ही खोलीबाहेर थांबा.