बैर-शेबा : सात विहिरी की शपथेची विहीर?

प्रश्न : आमच्या शास्त्राभ्यासाच्या वर्गात बायबलातील उत्पत्तीचा 21 वा अध्याय वाचताना 'बैर-शेबा' या गावाच्या नावाचा अर्थ 'सात विहिरी' असे सांगण्यात आले. मजकुरात मात्र तेथे शपथ वाहिली म्हणून हे नाव पडले असे आहे आणि 26 व्या अध्यायात तेच नाव इसहाकाच्या विहिरीला जोडलेले आहे. खरे काय धरावे? आमच्या सोलापूरचे नाव 'सोळा गावां'वरून पडल्याचे सांगतात, तसाच हा प्रकार आहे काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : 'सात विहिरी' हा अर्थ प्रथम बाजूला ठेवावा. हिब्रूत 'बएर' म्हणजे खोदलेली विहीर. हे एकवचन असून त्याचे अनेकवचन 'बएरोत' असे होते. सात विहिरी म्हणायच्या असत्या, तर संख्या आधी येऊन 'शेवा बएरोत' अशी रचना झाली असती ('शेवा' म्हणजे सात; नावातला 'शेबा' हा त्याच अक्षरांचा शब्द). नावात विहीर एकच आहे.

खरा प्रश्न उरतो तो 'शेबा'चा. शीन, बेत आणि आयिन या तीन हिब्रू अक्षरांनी 'सात' हा शब्द लिहिला जातो आणि त्याच तीन अक्षरांपासून 'शपथ वाहणे' हे क्रियापदही होते. ही दोन्ही रूपे मुळात एकच, शपथ म्हणजे सात वस्तूंनी स्वतःला बांधून घेणे, असे अनेक अभ्यासक मानतात; काही जण त्यांना केवळ सारखे दिसणारे दोन वेगळे धातू (शब्दमुळे) समजतात. कथा सांगणाऱ्याने मात्र दोन्ही अर्थ जाणीवपूर्वक खेळवले आहेत, हे अध्याय सावकाश वाचला की ध्यानात येते. गरारचा राजा अबीमलेख याच्या चाकरांनी विहीर बळकावल्याची तक्रार अब्राहाम करतो, दोघांचा करार होतो, आणि मग अब्राहाम मेंढीची सात कोकरे वेगळी उभी करतो. ही कशासाठी, असे अबीमलेख विचारतो, तेव्हा ही विहीर मी खणली याची साक्ष म्हणून ती माझ्या हातून घ्यावीत, असे उत्तर मिळते. 28 ते 30 या तिन्ही वचनांत 'सात' हा शब्द येतो आणि लगेच 31 व्या वचनात नावाचे कारण म्हणून शपथ सांगितली जाते. अवर्षणाच्या मुलखात पाण्याचा हक्क साक्षीपुराव्याने पक्का करावा लागतो, हे सोलापूरकरांना वेगळे समजावून सांगायला नको.

प्राचीन भाषांतरकारांपुढेही हाच पेच होता. ग्रीक भाषांतरात 'शपथेची विहीर' असे सरळ अर्थानुसार नाव दिले आहे. प्राचीन ख्रिस्ती विद्वान जेरोमने आपल्या लॅटिन भाषांतरात 26 व्या अध्यायातील विहिरीला 'विपुलता' म्हटले, कारण त्याने पहिले अक्षर शीन न मानता त्याच आकाराचे सीन मानले, आणि तसे वाचले की शब्दाचा अर्थ बदलतो. या दोहोंत फरक दाखवणारा बिंदू लिहिण्याची पद्धत त्याच्यानंतर काही शतकांनी रूढ झाली. अरबीत आजही गावाला 'बीर अस्-सबा' म्हणतात.

सोलापूरशी तुलना येथे अर्धवटच लागू पडते. शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या, म्हणजे कल्याणीच्या कलचुरी राजघराण्याच्या काळातील लेखांत गावाचे नाव 'सोन्नलगे' असे येते, शके 1238 च्या कामती येथील संस्कृत लेखात ते 'सोनलीपूर' होते. म्हणजे सोळा ही संख्या नाव झिजल्यावर मागाहून ऐकू येऊ लागली. बैर-शेबाच्या बाबतीत सात हा आकडा नंतर चिकटलेला नाही. तो कथेच्याच अंगात आहे.

नेगेव वाळवंटाच्या उत्तर कडेला, आजच्या शहराच्या पूर्वेस असलेल्या प्राचीन टेकाडाचे उत्खनन पुरातत्त्वज्ञ योहानान अहारोनी यांनी 1969 पासून केले. तेथे वेशीबाहेर सुमारे 69 मीटर खोल विहीर सापडली. 2005 साली हे स्थळ मगिद्दो आणि हासोर या प्राचीन टेकाडांसह जागतिक वारसा यादीत आले. ती विहीर अब्राहामाचीच, असे म्हणण्यास मात्र आधार नाही.

आता दोन अध्यायांतील फरकाविषयी. अब्राहामाच्या मृत्यूनंतर पलिष्ट्यांनी त्याच्या विहिरी बुजवल्या, इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि बापाने ठेवलेलीच नावे त्यांना दिली, असे 26:18 मध्ये स्पष्ट म्हटले आहे. पुढे एसेक आणि सितना या विहिरींवरून भांडणे होतात, रहोबोथ येथे मोकळी जागा मिळते, आणि शेवटी अबीमलेख स्वतः येऊन इसहाकाशीही शपथपूर्वक करार करतो. त्याच दिवशी चाकर पाणी लागल्याची बातमी आणतात आणि इसहाक त्या विहिरीला 'शेबा' हे नाव देतो. आपल्या वर्गात हे दोन्ही उतारे एका बैठकीत, 18 वे वचन मध्ये ठेवून वाचावेत, आणि फळ्यावर 'शपथेची विहीर' लिहून शेजारी 'सातांची विहीर' असे लिहावे.