लेकीला वाइन बनवायची आहे

प्रश्न: मुलगी नागपुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. जुन्या वेलींच्या द्राक्षांची, वर्षानुवर्षं मुरणारी रेड वाइन पारंपरिक पद्धतीने बनवायला शिकायचं म्हणते, तेही परदेशात. आमची काटोलला संत्र्याची बाग आहे. घरात कुणी दारूला शिवत नाही. काय करावं?

उत्तर: भाऊ, बहार धरण्याआधी तुम्ही संत्र्याला ताण देता ना? वाइनच्या द्राक्षालाही फार पाणी मानवत नाही, रस पातळ उतरतो. जुनी वेल तर घडच कमी धरते, पण त्या थोडक्या घडांत रंग आणि चव दाट असते. ऑस्ट्रेलियाच्या बरोसा खोऱ्यात वेलीला ‘जुनी’ म्हणवून घ्यायला निदान ३५ वर्षं लागतात. तिथे सव्वाशे वर्षं ओलांडलेल्या वेलीही आहेत. नाशिककडे वाइनचा जोर गेल्या पंचवीस वर्षांतला. शिवाय आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरता फळासाठी गोडी छाटणी. थंडीतली झोप वेलीला मिळतच नाही. म्हणून परदेशाचं ती म्हणते ते खरं आहे.

पण आधी फी भरू नका. पदवी झाली की गोडी छाटणीपासून मार्चच्या तोडणीपर्यंत तिला नाशिकच्या एखाद्या वायनरीत काम करू द्या. दिंडोरीकडे मी एक मुलगी पाहिली होती. टाकीत वर आलेला सालींचा जाड थर ती दांड्याने खाली दाबत होती, दिवसातून तीनदा. नखं जांभळी, बूट ओले. उरलेला वेळ टाक्या आणि पाइप धुण्यात. हे सहा महिने आवडले, तर पुढचं शिक्षण सार्थकी लागेल.

धीर मात्र लागतो. सालीबियांतलं टॅनिन तुरट असतं, ते मवाळ व्हायला काळच जावा लागतो. स्पेनच्या रिओहात ‘ग्रान रेसेर्व्हा’ रेड वाइन पाच वर्षांनी बाजारात येते, त्यातली किमान दोन ओकच्या पिंपात. लेकीच्या पहिल्या कामाचा निकाल तिशीच्या तोंडावर लागेल. तोवर पगारी नोकरी हवीच.

दारूचं म्हणाल, तर चव घेऊन थुंकणं हा या कामाचा रोजचा शिरस्ता आहे. तरी धंदा दारूचाच आहे, फळांचा रस म्हणून मी तुमची समजूत घालणार नाही. पण खमीर, आम्लता, स्वच्छता हे सगळं तिच्याच अभ्यासातलं आहे, आणि झाडाची पारख तिने तुमच्याच बागेत उचलली असणार.

छाटणीच्या दिवसांत समृद्धी महामार्गाने तुम्हीही एकदा नाशिकला जाऊन या. वेलींमधून तिच्यासोबत फिरा आणि तिला काय दिसतं ते विचारा.